सातारा जिल्हा फिरताना काय बघावं, काय सोडावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी, नाताळ किंवा जोडून सुट्ट्या आल्या की सातारकरांचे फोन वाजायला लागतात. पुण्या-मुंबईचे पाहुणे, पाहुण्यांचे ऑफिसातले मित्र, मित्रांचे सासरे, सगळ्यांचा प्रश्न एकच: "येतोय, काय काय बघू?" खालची उत्तरं त्या सगळ्यांसाठी. जन्म इथलाच, त्यामुळे थोडा पक्षपात होणारच. पण जिथे जाऊ नये असं वाटतं तिथे तसं सरळ लिहिलं आहे.

दोन दिवस आहेत. महाबळेश्वर, पाचगणी, प्रतापगड, कास, ठोसेघर, सज्जनगड... सगळं होईल ना?

गाडीतून होईल, उतरून होणार नाही. नकाशात ही ठिकाणं एकमेकांना खेटून दिसतात, पण मध्ये डोंगराच्या रांगा आहेत. सुट्टीच्या दिवशी घाटातल्या तीस किलोमीटरला दीड-दोन तास सहज जातात.

जिल्ह्याचे मनातल्या मनात चार तुकडे करा. पहिला वाई, पाचगणी, महाबळेश्वर, प्रतापगड. दुसरा सातारा शहर, सज्जनगड, ठोसेघर, कास, बामणोली. तिसरा कराड, पाटण, कोयना. चौथा पूर्वेकडचा: औंध, खटाव, माण, फलटण. दोन दिवसांत एक तुकडा नीट होतो. दोन तुकडे केले तर तुम्ही गाडीत बसून डोंगर बघितले असं म्हणायचं.

यायला सगळ्यात चांगला काळ कोणता?

कुठे जाणार त्यावर आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या म्हसवडला पाचशे झाला तरी लोक वरुणराजाला हात जोडतात. तेव्हा "साताऱ्यात पाऊस आहे का?" या प्रश्नाला आम्ही "कुठल्या साताऱ्यात?" असं विचारतो, ते खोडसाळपणा म्हणून नाही.

जुलैत महाबळेश्वरला येऊन पॉइंट बघायचे म्हणाल तर धुक्यापलीकडे काही दिसत नाही. नुसतं धुकं आणि पाऊसच हवा असेल तर मात्र जरूर या, हॉटेलंही त्या दिवसांत स्वस्त असतात. ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात कासची. ऑक्टोबर उतरल्यावर आणि नोव्हेंबरात सगळा पश्चिम भाग हिरवा असतो, आभाळ मोकळं असतं आणि गडांवर चढताना जीव जात नाही. माझ्या लेखी हाच सगळ्यात उत्तम महिना-दीड महिना. डिसेंबर ते फेब्रुवारी पूर्व भागासाठी राखून ठेवा. एप्रिल-मे मध्ये महाबळेश्वर थंड असतं हे खरं, पण तेव्हा निम्मा महाराष्ट्र तिथेच असतो.

कास पठारावर फुलं नक्की कधी दिसतात? आम्ही गेलो तेव्हा काहीच नव्हतं.

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि तिची कारणं साधारण दोन असतात. एक म्हणजे तारीख चुकलेली असते. दुसरं म्हणजे फोटोत पाहिलेला जांभळा-गुलाबी गालिचा डोक्यात ठेवून लोक येतात आणि पायाशी बघतच नाहीत.

कास म्हणजे जांभ्या दगडाचा सडा आहे. वर मातीचा पातळ थर, काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही. मोठं झाड तिथे रुजू शकत नाही, म्हणूनच इवल्याशा वनस्पतींना जागा मिळते. पाऊस सुरू झाला की एकेक जात आपापल्या पाळीने फुलते: आधी चवर, मग गेंद, तेरडा, सीतेची आसवे, सोनकी. एका आठवड्यात पठार जांभळं असतं, पुढच्या पंधरवड्यात पिवळं. त्यामुळे "बेस्ट तारीख" अशी नसते. साधारण सप्टेंबरचा मधला काळ धरून चाला, आणि निघण्याआधी पाऊस कसा झालाय याची चौकशी करा. पाऊस लांबला की फुलंही लांबतात.

आता पायाशी काय बघायचं ते. सीतेची आसवे हे निळसर-जांभळं, नखाएवढं फूल आहे. दिसायला इतकं नाजूक, पण ही वनस्पती कीटक खाते. मुळांजवळ तिच्या बारीक पिशव्या असतात, ओल्या मातीतले सूक्ष्म जीव त्यात ओढले जातात. त्याच ओलसर जागी दवबिंदू नावाची दुसरी कीटकभक्षी वनस्पती असते. तिच्या तांबड्या केसांच्या टोकांवर चिकट थेंब चमकतात आणि एखादं चिलट त्यात अडकलेलं असतं. या मातीत पोषण कमी, म्हणून ही सोय. उकिडवं बसलात तर पाच मिनिटांत दिसेल. कमरेत न वाकता नुसता सेल्फी काढलात तर काही दिसणार नाही.

टोपली कारवीचं विचाराल तर ती दरवर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षांनी एकदा पठारभर फुलते, मधल्या वर्षांत तुरळक दिसते. "यंदा कारवी फुलली" असा मेसेज फिरला की आधी इथल्या कुणाला तरी विचारा.

कासला तिकीट, बुकिंग लागतं का?

हंगामात लागतं. आसपासच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्या आणि वन विभाग मिळून ते सांभाळतात, ऑनलाइन नोंदणी असते आणि दिवसाच्या पर्यटकांवर मर्यादाही असते. शनिवार-रविवारचं आधीच भरून जातं. मंगळवार-बुधवारी सकाळी आठच्या सुमाराला पोचा. दहानंतर ऊन चढलं तर फुलं कोमेजतात, आणि ढग उतरले तर तीही दिसत नाहीत.

हे पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्याचा अर्थ एवढाच की आखलेल्या वाटेवरून चालायचं. फुलांत लोळून फोटो काढणारे दरवर्षी दिसतात, आणि त्यांना ओरडणारे गाइडही.

सप्टेंबर सोडून इतर वेळी कासला काय? काही नाही. पठार ओसाड असतं. कास तलाव बघा आणि पुढे बामणोलीला जा.

महाबळेश्वर सोडून द्यावं का?

सोडू नका, पण त्यातलं निम्मं सोडा.

वेण्णा लेकची बोट सोडा. तासभर रांग आणि मग वीस मिनिटांचं पाणी. बाजारपेठेत एक संध्याकाळ पुरे. कॉर्न पॅटिस खा, चणे घ्या, निघा. "एका दिवसात पंधरा पॉइंट" वाली टॅक्सीची फेरी तर नक्कीच सोडा. बरेचसे पॉइंट एकाच दरीकडे वेगवेगळ्या कोपऱ्यांतून बघतात.

घ्यायचं असेल तर पहाटे विल्सन पॉइंट, मग न्याहारी करून क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानतात, तिथे गर्दी असते. पण तिथून चालत थोडं पुढे कृष्णाबाईचं जुनं दगडी मंदिर आहे. शेवाळलेले खांब, गोमुखातून पडणारं पाणी आणि समोर कृष्णेचं खोरं. निम्मे लोक तिकडे वळतच नाहीत, कारण टॅक्सीच्या यादीत ते नसतं. पुढे ऑर्थर सीटला गेलात की महाबळेश्वर झालं असं समजा.

प्रतापगडासाठी किती वेळ ठेवावा?

जाऊन-येऊन अर्धा दिवस. गड १६५६ च्या सुमाराला बांधून झाला आणि तीन वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ ला, पायथ्याशी अफजलखानाची भेट झाली. ती गोष्ट आपण सगळे चौथीच्या पुस्तकात वाचून आलेलो असतो, तरी एखादा स्थानिक वाटाड्या घ्याच. जावळीचं खोरं बुरुजावरून बघताना खानाने एवढी मोठी फौज इथे आणली म्हणजे केवढी चूक केली ते डोळ्यांना कळतं. भवानीमातेचं दर्शन घ्या. पिठलं-भाकरी गडावर मिळते. जोराच्या पावसात आंबेनळी घाटात दरडी पडतात, तेव्हा जुलैत बेत आखू नका.

पाचगणीत टेबल लँड बघायलाच हवं का?

लहान मुलं बरोबर असतील तर हो, घोडे आहेत. नाहीतर रविवारी धूळ आणि घोड्यांची लीद एवढंच पदरात पडतं. त्याऐवजी भिलारला जा. मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या राहत्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तकं ठेवली आहेत. एका घरात कविता, दुसऱ्यात इतिहास, तिसऱ्यात बालसाहित्य. दारावर पाटी असते. आत जायचं, हवं ते पुस्तक काढून बसायचं, पैसे नाहीत. घरातल्या मावशी चहा विचारतात तेव्हा संकोच करू नका, पण ते कुणाचं तरी घर आहे हेही विसरू नका.

भिलार स्ट्रॉबेरीचंही गाव. या भागातल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हंगाम डिसेंबर ते मार्च-एप्रिल. शेताच्या बांधावर घ्या. रस्त्यावर घेणार असाल तर खोका उलटा करून बघा. वरचा थर टपोरा आणि खाली बोराएवढी, हा खेळ जुना आहे.

वाईत काय आहे? आम्ही तर नेहमी तिथून पुढे जातो.

सगळेच जातात, आणि त्यात त्यांचं नुकसान आहे. मला निवडायला सांगितलं तर महाबळेश्वरचा एक दिवस कापून मी वाईला देईन.

सकाळी कृष्णेच्या घाटावर या. ढोल्या गणपतीचं देऊळ सरदार रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. गाभाऱ्याची मागची भिंत नदीच्या बाजूने माशासारखी निमुळती काढली आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. घाटावर उभं राहून ते बघा, नुसतं दर्शन घेऊन परतू नका. थंडीत कृष्णाबाईचे उत्सव असतात, घाटाघाटाचा वेगळा.

तिथून तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, मागे उतरता घाट आणि घाटावरच्या देवळात टांगलेली भलीमोठी पोर्तुगीज घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हाच्या लुटीतली. सिनेमांची इतकी शूटिंगं इथे झालीत की घाट पाहून तुम्हाला आधी कुठला तरी सीनच आठवेल.

वेळ उरला तर धोमला जा. तिथल्या देवळात नंदीचा मंडप दगडी कासवाच्या पाठीवर आहे आणि कासव कुंडात. कुंडात पाणी असलं की नंदी पाण्यावर तरंगतोय असं वाटतं.

वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींमुळे. पर्यटनस्थळ नव्हे, पण ज्याने विश्वकोश चाळलाय त्याला त्या इमारतीसमोरून जाताना बरं वाटतं.

एकच अशी जागा सांगा जी यादीत नसते.

लिंबची बारामोटेची विहीर. साताऱ्याकडे येताना हायवेवरून लिंब फाट्याला आत वळायचं, दोन-तीन किलोमीटर ऊस आणि गावरस्ता. विहीर म्हणजे आड समजून गेलात तर दारातच थबकाल. शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसल्यांनी ती आमराईला पाणी द्यायला बांधली. मुख्य विहीर अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद. वरून पाहिलं तर सगळा आकार शिवपिंडीचा.

जिन्याने खाली उतरलं की कमानीखाली हवा एकदम गार होते. चोरवाटेसारख्या अरुंद जिन्याने वर चढलं की विहिरीच्या पोटातच एक छोटा महाल लागतो. खांबांवर हत्ती, घोडेस्वार, फुलं. खिडकीतून एका बाजूला पाणी दिसतं, दुसऱ्या बाजूला जिना. वर मोटा ओढायच्या थारोळ्यांचे दगड दोरांनी घासून गुळगुळीत झालेत, तिथे हात फिरवून बघा. इथे राजघराण्याच्या खलबती बैठका व्हायच्या असं गावातले सांगतात, आणि त्या गारव्यात बसल्यावर ते खरं वाटतं.

पाण्यात उतरायचं नाही. कठड्यावर पाय सोडून बसायचं नाही. दगडावर स्वतःचं नाव लिहायचं असेल तर घरी राहा.

सातारा शहरात बघण्यासारखं काय?

सकाळी सहाला अजिंक्यतारा. गाडी जवळजवळ दरवाजापर्यंत जाते, पण गोडोलीकडून चालत जाणारे शेकड्याने भेटतील. हा गड म्हणजे सातारकरांचं जॉगिंग ट्रॅकच झाला आहे. वरून पश्चिमेला यवतेश्वर, सज्जनगड, पूर्वेला जरंडेश्वर, उत्तरेला चंदन-वंदन दिसतात. १७०० मध्ये औरंगजेबाचा वेढा पडलेला होता तेव्हा मोगलांचाच सुरुंग उलटला आणि त्यांचीच माणसं तटाखाली गाडली गेली. गड मात्र शेवटी दाणागोटा संपल्यावर द्यावा लागला. त्याच गडावर १७०८ च्या जानेवारीत शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि पुढे त्यांनी खाली शहर वसवलं.

मग राजवाडा. आजूबाजूला इतकी वर्दळ आहे की वाड्याचं लाकडी काम कुणाला दिसत नाही. प्रतापसिंह हायस्कूल इथेच भरायचं. ७ नोव्हेंबर १९०० ला त्या शाळेत भीमराव आंबेडकर हा मुलगा दाखल झाला. म्हणून राज्यात ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस पाळतात.

दुपारी संगम माहुली. कृष्णा-वेण्णेचा संगम, विश्वेश्वराचं देऊळ, महाराणी येसूबाई आणि ताराराणी यांच्या समाध्या, आणि शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही समाधी. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. पावसाळ्यात घाट पाण्याखाली असतो.

वाघनखं अजून साताऱ्यात आहेत का?

नाहीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांच्या बोलीवर आलेली वाघनखं जुलै २०२४ पासून सात महिने इथल्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात होती, मग नागपूरला गेली. ती महाराजांनी वापरलेलीच आहेत असा पुरावा नसल्याचं खुद्द त्या लंडनच्या संग्रहालयाने म्हटलं आहे. बाकीची शस्त्रं, नाणी, कागदपत्रं बघायला संग्रहालयात जाच, सोमवार सोडून.

सज्जनगडाला दर्शनाशिवाय काय?

दर्शनच मुख्य. समर्थांची समाधी, त्यावर राममंदिर, शेजघरातल्या त्यांच्या वस्तू. दुपारच्या प्रसादाला थांबा. पंगतीत बसून श्लोक म्हणून जेवायचं, पैसे कुणी मागत नाही. संध्याकाळी गडाच्या टोकाला असलेल्या मारुतीपाशी जाऊन बसा, खाली उरमोडीचं पाणी असतं आणि वारा इतका की टोपी धरून ठेवावी लागते. रात्री दरवाजे बंद होतात, तेव्हा मुक्काम करायचा तर वेळेत वर पोचा.

धबधबे कोणते?

ठोसेघर. सज्जनगडाच्याच वाटेवर पुढे, नीट बांधलेली गॅलरी, म्हातारी माणसंही जाऊ शकतात. पुढे चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचं पठार आहे, धुक्यात पाती दिसत नाहीत, नुसता घरघर आवाज येतो.

भांबवलीचा वजराई तीन टप्प्यांत कोसळतो आणि दिसतो फार देखणा, पण जंगलातली वाट निसरडी आहे आणि जळवा असतात. चालायची सवय असेल तरच.

पाटणजवळचा सडावाघापूरचा उलटा धबधबा, जिथे वारा पाणी परत वर फेकतो, तो रीलमुळे इतका गाजलाय की जुलै-ऑगस्टच्या रविवारी तिथे पाण्यापेक्षा गाड्या जास्त असतात. दारूच्या बाटल्या, मोठ्याने गाणी, कड्यावर उभं राहून फोटो. आधल्या-मधल्या वारी जमत असेल तर बघा. रविवारी सोडा.

वासोटा किल्ल्यावर जाणं कितपत अवघड?

पायाला सवय असलेल्याला अवघड नाही, पण दिवसभराचं काम आहे. बामणोलीला सकाळी लवकर पोचायचं, वन खात्याचा परवाना काढायचा, मग शिवसागर जलाशयातून तास-दीड तासाची लाँच. पलीकडे चौकीवर पिशव्या तपासतात, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून लिहून घेतात आणि परत येताना तेवढ्याच दाखवाव्या लागतात. हा नियम आम्हाला फार आवडतो. नंतर दोनेक तासांची चढण, दाट जंगल, वर बाबुकडा. खाली बघताना पोटात गोळा येतो.

वर मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत लाँच गाठावी लागते, कारण हे कोयना अभयारण्य आहे आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. पावसाळ्यात बंद. लाँच आठ-दहा जणांत वाटून घेतली तर परवडते. दोघंच असाल तर काठावर दुसरा ग्रुप शोधा, सापडतो.

कोयना धरण आतून दाखवतात का?

नाही. सुरक्षेमुळे धरणावर आणि वीजगृहात सोडत नाहीत. लांबून बघता येतं. १०५ टीएमसीचं धरण आहे, दरवाजे उघडले की खालच्या सांगलीपर्यंत लोक पाण्याची पातळी विचारत बसतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप इथल्या जुन्या माणसांना अजून जसाच्या तसा आठवतो. कुणी बोलतं झालं तर ऐका. कोयनेसाठी वेगळा फेरा मारण्याऐवजी पाटणचा दातेगड जोडा. दरवाजापाशी गणपती-मारुतीच्या मूर्ती आणि वर कातळात खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर. मुठीपासून टोकापर्यंत आकार ओळखू येतो.

कराडला थांबावं का?

कोल्हापूरला जाताना संध्याकाळ तिथे पडत असेल तर जरूर. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन भिडतात आणि मग दोघी मिळून काटकोनात वळतात. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. लेण्यांची आवड असेल तर आगाशिवच्या डोंगरावर साधी, जुनी बौद्ध लेणी आहेत. नक्षी फारशी नाही, शांतता भरपूर.

पूर्वेकडे दुष्काळी भागात कशाला जायचं?

औंधसाठी. एवढ्या एका गावासाठी मी पाहुण्यांशी भांडतो.

औंध हे छोटं संस्थान. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. सूर्यनमस्कार घराघरात नेणारे तेच. १९३९ च्या सुमाराला, देश पारतंत्र्यात असताना, त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने आपल्या संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती दिला. त्याच्या वर्षभर आधी टेकडीच्या मध्यावर त्यांनी संग्रहालय बांधलं. त्यात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं, धुरंधरांची चित्रं, बाळासाहेबांनी स्वतः काढलेली रामायणाची चित्रं आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं दगडी शिल्प आहे. खटाव तालुक्यातल्या टेकडीवर! मुंबईत हे असतं तर तिकिटाला रांग लागली असती. इथे दिवसभरात तुम्ही आणि शाळेची सहल, एवढीच माणसं. वर मूळपीठ यमाईचं देऊळ, खाली वाड्यापाशी यमाईचं दुसरं.

साताऱ्याहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, रस्ता सपाट. थंडीत मायणीच्या तलावापर्यंत पुढे जा; पाणी योग्य असेल तर पक्षी भरपूर. दहिवडीकडून गेलात तर गोंदवल्याला ब्रह्मचैतन्य महाराजांचं समाधिमंदिर आहे, तिथला प्रसादही चुकवू नये.

यात्रा बघायची आहे. कोणती?

रंगपंचमीला बावधनचं बगाड. वाईजवळ. लाकडी गाडा, दगडी चाकं, वर उंच शिडाला टांगलेला बगाड्या आणि गाडा ओढणारी बैलांची जोड्या-जोड्यांची रांग. शेतातून वाट काढत ते सोनेश्वराहून गावात येतं. धुळीची तयारी ठेवा, गाडी लांब लावा.

पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा डिसेंबरच्या आसपास. रथाला भाविक नोटांच्या माळा घालतात आणि जनावरांचा बाजार भरतो. शिखर शिंगणापूरला चैत्रात मुंगी घाटातून कावडी चढवतात, ते बघून अंगावर काटा येतो.

मांढरदेवीला पौष पौर्णिमेच्या यात्रेत नुसतं बघायला म्हणून जाऊ नका. २००५ च्या चेंगराचेंगरीनंतर बंदोबस्त पुष्कळ सुधारला, तरी गर्दी ती गर्दी. इतर दिवशी डोंगरावर निवांत दर्शन होतं.

माउलींची पालखी जिल्ह्यात कुठे गाठता येईल?

नीरा नदीत पादुकांना स्नान घालून पालखी साताऱ्याच्या हद्दीत येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. तिथे उभं राहायचं तर सकाळीच जागा धरा आणि स्वतःची गाडी विसरा, एसटीने या.

शाळकरी मुलांना काय दाखवावं?

खंडाळा तालुक्यातलं नायगाव. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ ला इथे झाला. घर जपलं आहे, शेजारी स्मारक. हायवेपासून फार आत नाही, तासाभरात होतं.

खायचं काय?

फक्त हायवेवरच्या मोठ्या फूड मॉलमध्ये खाऊन परत जाऊ नका. कासच्या वाटेवर चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा मिळतो. पूर्वेकडे बाजरीची भाकरी आणि माणदेशी मटण, झणझणीत. कराड-इस्लामपूर पट्ट्यात अख्खा मसूर. साताऱ्यात संध्याकाळी राजवाड्यासमोरच्या चौपाटीवर भेळ-पाणीपुरी, निम्मं शहर तिथेच भेटतं. तांबडा-पांढरा मागू नका, त्याला कोल्हापूर शंभरेक किलोमीटर पुढे आहे.

कंदी पेढे कुठले घ्यावे?

दुकानाचं नाव मी सांगणार नाही. प्रत्येक सातारकराचं एक ठरलेलं दुकान असतं आणि त्यावरून घरात वाद होतात. मोती चौक, राजपथ भागात फिरा. खरा कंदी पेढा तपकिरी असतो, कारण खवा मंद आचेवर चांगला भाजलेला असतो. साखर बेताची. फोडला की आत रवाळ दिसायला हवा. पांढरट, गुळगुळीत आणि गोडमिट्ट निघाला तर तो नुसताच पेढा. आधी एक चाखायला मागा, देतात.

येताना खंबाटकी घाटात अडकायला होतं का?

जोडून सुट्ट्यांच्या शनिवारी सकाळी, हमखास. पुण्याहून येताना घाट चढावा लागतो, परतताना जुन्या बोगद्यातून सुटका होते. नवीन बोगद्यांचं काम घाटाच्या या गर्दीसाठीच काढलं आहे. शुक्रवारी रात्री उशिरा किंवा शनिवारी पहाटे पाचच्या आत पुणे सोडा. रेल्वेने येणार असाल तर स्टेशन माहुलीच्या बाजूला, गावापासून पाच-सहा किलोमीटर आहे. रिक्षाचे पैसे बसण्याआधी ठरवा. एसटी स्टँड मात्र शहरात, पोवई नाक्यापासून जवळ. तिथून मेढा, वाई, कास, बामणोली, औंध सगळीकडे गाड्या सुटतात. बामणोलीहून परतीची शेवटची गाडी किती वाजता हे कंडक्टरला चढतानाच विचारून ठेवा.